लिपिबद्ध संगीत आणि त्याचे वाचक : वनराज भाटिया यांच्या रचनाकार्याचा विचार

१. प्रास्ताविक

संगीताला भाषा म्हणण्याचा प्रघात जुना आहे. हे विधान अलंकारिक अर्थाने घेतले तर त्याबद्दल वाद उरत नाही. परंतु ते शब्दशः घेऊ लागलो म्हणजे अनेक प्रश्न पुढे उभे राहतात. भाषेला बोलणाऱ्यांचा समाज लागतो. संगीताला तसा समाज लागतो काय? भाषा लेखनावाचून जगू शकते, संगीताचे काय? आणि एखाद्या भाषेची लिपी उत्तम आहे, तिचे व्याकरण सिद्ध आहे, परंतु ज्या प्रदेशात लेखक राहतो तेथे ती वाचणारे विरळा आहेत, अशी स्थिती असेल तर त्या लेखकाने काय करावे?

हा शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. मुंबईचे रचनाकार वनराज भाटिया यांना तो जवळजवळ सहा दशके सोडवावा लागला. सामान्य श्रोता त्यांना ‘अंकुर’, ‘भूमिका’, ‘तमस’ इत्यादी कृतींचे संगीतकार म्हणून ओळखतो. तथापि त्यांचे शिक्षण पाश्चात्त्य अभिजात संगीतातील रचनाशास्त्राचे होते, आणि ते अखेरपर्यंत स्वतःच्या प्रेरणेने त्या परंपरेतील रचना लिहीत राहिले. त्यांच्या कार्याचे हे दोन भाग एकमेकांपासून वेगळे काढून पाहण्याची रीत पडली आहे. प्रस्तुत लेखात ते एकत्र ठेवून पाहावयाचे आहेत. कारण एका भागाचे स्पष्टीकरण दुसऱ्यात सापडते, असे आमचे मत आहे.

२. शिक्षण व पूर्वायुष्य

भाटिया यांचा जन्म ३१ मे १९२७ रोजी मुंबईत एका कच्छी व्यापारी कुटुंबात झाला. न्यू एरा स्कूलमध्ये शिकत असता त्यांना हिंदुस्थानी संगीताचा परिचय झाला. पुढे कुमारवयात चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कन्चेर्तो कानी पडला आणि त्यांचे मन पाश्चात्त्य संगीताकडे वळले. डॉ. माणेक भगत यांच्याकडे त्यांनी चार वर्षे पियानोचे शिक्षण घेतले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९४९ साली इंग्रजी विषय घेऊन एम. ए. झाल्यावर ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्यूझिकमध्ये दाखल झाले. तेथे हॉवर्ड फर्ग्युसन, अॅलन बुश व विल्यम ऑल्विन हे त्यांचे अध्यापक होते. १९५४ साली सुवर्णपदक मिळवून ते पॅरिसला गेले आणि नादिया बूलांझे यांच्याकडे सुमारे पाच वर्षे शिकले.

बूलांझे यांचे नाव संगीताच्या इतिहासात अध्यापिका म्हणून अजरामर झाले आहे. अमेरिकेचे एरन कोपलंड व फिलिप ग्लास, अर्जेंटिनाचे आस्तोर पियाझोला हे सर्व त्यांचे शिष्य. या तिघांचे संगीत परस्परांशी मुळीच मिळत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बूलांझे शैली शिकवीत नसत. त्या व्याकरण शिकवीत. प्रत्येक स्वर लिहिताना तो तेथे का आला याचे उत्तर लेखकापाशी असलेच पाहिजे, अशी त्यांची शिस्त होती. ही शिस्त घेऊन भाटिया १९५९ साली भारतात परतले. १९६० ते १९६५ या काळात ते दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे प्रपाठक होते.

३. लिपीची दोन कार्ये

येथे थोडे विषयांतर करून लेखनाच्या स्वरूपाचा विचार केला पाहिजे. आपल्याकडे संगीताला लिपी नव्हती, हा समज खरा नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी आपल्या स्वरलिपीत शेकडो चिजा नोंदवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या रूपाने प्रसिद्ध केल्या. परंतु ही लिपी स्मरणासाठी आहे. चीज आधी गायकाच्या कंठात असते, मग ती कागदावर येते. कागद पाहून ती जशीच्या तशी म्हणणारा विद्यार्थी गायक ठरत नाही. गायक होण्यासाठी तालीमच लागते. कोल्हापूरच्या दरबारात शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांची परंपरा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनचे आजचे कार्य याहून भिन्न आहे. ती निर्मितीची लिपी आहे. चाळीस वादकांनी एकाच क्षणी कोणता स्वर, किती काळ, किती जोराने वाजवावा हे रचनाकार कागदावर ठरवितो. कृती प्रथम कागदावर अस्तित्वात येते आणि मागाहून ध्वनिरूप घेते. पहिल्या प्रकारात लेखन उच्चारामागून चालते. दुसऱ्यात उच्चार लेखनामागून चालतो. यातून एक व्यावहारिक परिणाम निघतो. भातखंड्यांची पोथी हरवली तरी चीज एखाद्या घराण्यात जिवंत असू शकते. निर्मितीच्या लिपीत लिहिलेली कृती मात्र वाचणारे वादक मिळेपर्यंत मुकीच राहते, आणि तिचे हस्तलिखित नाहीसे झाले तर तीही नाहीशी होते.

४. स्वरसंहतीचा प्रश्न

दोन परंपरांमधील भेद केवळ लेखनाचा नाही. आपले संगीत एका स्थिर षड्जाच्या आधारावर उभे असते. तंबोरा तो आधार सतत कानी ठेवतो. पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी लावून त्यांच्या संहतीचा क्रम रचला जातो, आणि त्या क्रमात आधारस्वर स्वतःच स्थान बदलतो. यामुळे दोहोंचा संयोग वरकरणी सोपा वाटला तरी तो अतिशय कठीण आहे.

एक उदाहरण घेऊ. फ्यूग या रचनाप्रकारात एक स्वरवाक्य प्रथम एकटे येते. मग दुसरा आवाज तेच वाक्य पंचमावरून म्हणू लागतो आणि पहिला आवाज त्याला निराळ्या स्वरांची जोड देत राहतो. सा आणि प यांचे नाते आपल्या परिचयाचे असल्यामुळे ही योजना रागसंगीताला सहज मानवेल, असे वाटते. आता स्वरवाक्य यमनाच्या स्वरांत आहे असे समजा : सा, रे, ग, तीव्र म, प, ध, नी. हेच सप्तक पंचमावरून तंतोतंत म्हटले तर चौथ्या स्थानी, मूळच्या तीव्र मध्यमाच्या जागी, जो स्वर येतो तो षड्ज नसून षड्जाच्या वरचा अर्धस्वर असतो. म्हणजे षड्जच ढळतो! ज्या संगीतात षड्ज अचल मानला आहे तेथे हे घडणे म्हणजे वाक्यातील कर्ताच मध्ये बदलण्यासारखे आहे.

अशा वेळी रचनाकारापुढे तीन मार्ग असतात. राग सोडून देणे, हा पहिला. रागाची धून वर ठेवून खाली परक्या संहतींची बैठक घालणे, हा दुसरा. आपल्या चित्रपटसंगीताने बहुधा तोच पत्करला. संहती रागाच्याच स्वरांतून घडविणे आणि षड्ज जेथे ढळू पाहील तेथे उत्तरवाक्याला मुरड घालणे, हा तिसरा. भाषाशास्त्रातील परिभाषेत बोलावयाचे तर दुसरा मार्ग शब्दांच्या उसनवारीचा आहे आणि तिसरा दोन व्याकरणांच्या समन्वयाचा. भाटिया यांच्या संगीताचे महत्त्व असे की, उसनवारी सर्वत्र खपत असताना त्यांनी समन्वयाचा प्रयत्न सोडला नाही. पियानोसाठी लिहिलेला ‘फँटेसिया अँड फ्यूग इन सी’, तंतुवाद्यवृंदासाठी लिहिलेला ‘सिम्फोनिया कन्चेर्तांते’ आणि ‘सिक्स सीझन्स’ ही गीतमाला या त्यांच्या विशेष वाजविल्या गेलेल्या कृती होत.

५. वाचक कोठे होते?

१९५९ साली परत आलेल्या या रचनाकाराला वाचक कोठे मिळणार होते? मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता, परंतु ते स्वतः परदेशी गेले आणि शहराला कायम वेतनाचा वाद्यवृंद लाभला नाही. नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या आश्रयाने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला तो २००६ साली. त्या वेळी भाटिया जवळजवळ ऐंशी वर्षांचे होते.

तरीही स्टाफ नोटेशन बिनचूक वाचणारा एक समाज मुंबईत होता. तो म्हणजे गोव्याहून आलेल्या वादकांचा. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावी चर्चशी संलग्न शाळा असत आणि तेथे मुलांना स्वरलेखनाचे वाचन व व्हायोलिनसारखी वाद्ये शिकवीत. या शाळांतून तयार झालेले वादक मुंबईच्या चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत काम करीत. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही त्यांतील मान्यवर नावे. सारांश, लिपी जाणणारा समाज सभागृहात नव्हता. तो स्टुडिओत होता. यास्तव भाटिया स्टुडिओत गेले. ही घटना केवळ उपजीविकेची तडजोड म्हणून सांगण्यात येते. उपजीविकेचा प्रश्न होताच. परंतु रचनाकार आपल्या वाचकांपाशी गेला, असेही म्हणता येईल.

या कार्याचा आरंभ १९५९ साली शक्ती सिल्क मिल्सच्या जाहिरातपटाने झाला. पुढे त्यांनी सात हजारांहून अधिक जाहिरातींना संगीत दिले, असे सांगितले जाते. लिरिल साबणाच्या जाहिरातीची धून त्यांचीच. तिच्यात शब्द नाहीत, केवळ ‘ला’ या अक्षराची आवृत्ती आहे. आपल्या तराण्यातही निरर्थक अक्षरेच असतात, हे आठवले म्हणजे या युक्तीत फार परके काही वाटत नाही. अनेक भाषांच्या देशात एकच जाहिरात सर्वत्र जावयाची असेल तर अर्थाचे ओझे टाकून देणारे अक्षर हाच सर्वांत सोयीचा शब्द ठरतो. शिवाय अर्ध्या मिनिटात आरंभ, विस्तार व समाप्ती साधण्याची सक्ती ही रचनेची मोठी शाळा होती.

६. अनेक भाषांचा रचनाकार

श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ (१९७४) पासून भाटिया चित्रपटांकडे वळले. ‘निशांत’, ‘मंथन’, ‘भूमिका’, ‘जुनून’, ‘कलयुग’, ‘मंडी’, ‘त्रिकाल’ अशी त्यांच्या सहकार्याची मालिका दीर्घ आहे. कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’ (१९८३) आणि अपर्णा सेन यांचा ‘३६ चौरंगी लेन’ (१९८१) यांचेही संगीत त्यांचेच. या सर्वांचा आढावा येथे घेता येणार नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने चार कृतींचा उल्लेख पुरेसा आहे.

‘भूमिका’ (१९७७) हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला आहे. हंसाबाई ‘संत सखू’ (१९४१) व ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) या चित्रपटांच्या नायिका. आणि ‘संत सखू’ काढणारी प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरातच स्थापन होऊन १९३३ साली पुण्यास गेली. ‘भूमिके’च्या कथेचा काळ अनेक दशकांचा असल्यामुळे त्या त्या काळाच्या चित्रपटगीतांची घडण पुन्हा निर्माण करणे रचनाकाराला भाग होते. भाषेच्या अभ्यासकाला जुन्या ग्रंथाची भाषा लिहून दाखविण्यास सांगावे, तसे हे काम होते. या चित्रपटासाठी सरस्वतीबाई राणे यांनी आपली नात मीना फातर्पेकर यांच्यासह गायिले. सरस्वतीबाई मिरजेच्या अब्दुल करीमखाँसाहेबांच्या कन्या. पॅरिसमध्ये शिकलेला रचनाकार आणि किराणा घराण्याचा हा कंठ यांचा संयोग चित्रपटाच्या निमित्ताने झाला. सभागृहात तो घडला असता की नाही, याची शंकाच आहे.

‘त्रिकाल’ (१९८५) मधील काळ गोव्यातील पोर्तुगीज सत्तेच्या अखेरचा, म्हणजे १९६१ च्या सुमाराचा आहे. या चित्रपटाच्या संगीतात रेमो फर्नांडिस यांचाही सहभाग होता. ज्या गोव्याने मुंबईला स्वरलेखन वाचणारे वादक दिले, त्याच गोव्याच्या घरगुती संगीताकडे येथे रचनाकार परत गेला, हे सूचक आहे.

१९८८ साली दूरदर्शनवर दाखविण्यात आलेल्या ‘भारत एक खोज’ या मालिकेच्या आरंभी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त आणि त्याचा वसंत देव यांनी केलेला हिंदी अनुवाद गायिला आहे. हे सूक्त त्रिष्टुभ् छंदात आहे; प्रत्येक पाद अकरा अक्षरांचा. वैदिक पठणात उदात्त, अनुदात्त व स्वरित या भेदांमुळे आवाज अगदी थोड्या स्वरांच्या कक्षेत फिरतो. भाटिया यांनी त्या पठणाची नक्कल केली नाही. त्यांनी समूहस्वरांचा उपयोग केला. वेदमंत्राला एकाहून अधिक आवाजांची स्वरसंहती देणे हे परंपरेच्या दृष्टीने धाडसच होते. परंतु अक्षरांचे वजन त्यांनी सांभाळले, म्हणून शब्द झाकले गेले नाहीत. आणि विश्वाच्या उत्पत्तीविषयी संशय व्यक्त करणारे हे सूक्त लक्षावधी घरांत ऐकले गेले.

त्याच वर्षी गोविंद निहलानी यांची ‘तमस’ ही मालिका प्रसारित झाली. फाळणीच्या या कथेच्या आरंभी वाद्यवृंदाचा विस्तार नाही. एक आर्त मानवी हाक आहे. स्वरसंहतीचे सर्व शास्त्र ज्याला अवगत आहे, त्याने ते केव्हा बाजूला ठेवावे याचेही ज्ञान असावे लागते. या संगीताला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला.

७. ध्वनिफितीचे युग

भाटिया पॅरिसमध्ये शिकत होते त्या काळात युरोपात संगीताची एक निराळीच शाखा उदयास येत होती. पॅरिस येथेच पिएर शेफेर यांनी १९४८ पासून ध्वनिमुद्रित आवाजांचे तुकडे जोडून रचना करण्यास आरंभ केला होता. जर्मनीत कोलोन नभोवाणी केंद्रात १९५१ साली इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ स्थापन झाला. या दुसऱ्या शाखेच्या उगमाशी भाषाशास्त्राचा निकट संबंध आहे. बॉन विद्यापीठातील ध्वनिविज्ञानाचे अध्यापक व्हेर्नर मायर-एप्लर यांच्याकडे कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन १९५४ ते १९५६ या काळात शिकले. आणि १९५६ साली त्यांनी एका मुलाच्या आवाजातील स्वर-व्यंजने व यंत्रनिर्मित ध्वनी यांना एकाच श्रेणीत बसविणारी रचना सिद्ध केली. व्यंजनाच्या घर्षणापासून शुद्ध स्वरापर्यंतची ही श्रेणी ध्वनिविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे.

भाटिया या मार्गाने गेले नाहीत. त्यांची निष्ठा लिहिलेल्या स्वरावर राहिली. परंतु भारतात हा मार्ग अगदीच अनोळखी होता असे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतज्ञ डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारण्यात आला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनी तेथे प्रयोग केले. थोड्याच वर्षांत तो स्टुडिओ बंद पडला आणि प्रयोग विस्मृतीत गेले. तथापि ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात राहिल्या होत्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्या प्रसिद्ध झाल्या. जे संगीत पन्नास वर्षे कोणी ऐकले नव्हते ते आज कोणालाही ऐकता येते. आणि याचे कारण एवढेच की, फिती कोणीतरी नीट ठेवल्या होत्या.

८. उपसंहार

भाटिया यांना १९८९ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला. उत्तरायुष्यात त्यांनी गिरीश कार्नाड यांच्या ‘अग्नी मत्तु मळे’ या नाटकावर, त्याच्या इंग्रजी रूपाच्या आधारे, ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा लिहिला. त्याचे पहिले दोन अंक २०१२ साली न्यूयॉर्क येथे सादर झाले. भारतीय नाटककार, महाभारतातील कथा, मुंबईचा रचनाकार, आणि प्रयोग न्यूयॉर्कचा! वर विचारलेल्या प्रश्नाचे हेच उत्तर होते : वाचक नाहीत म्हणून लेखन थांबवावयाचे नाही. जानेवारी २०१९ मध्ये विख्यात चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईत भाटिया यांची ‘रेव्हरी’ ही रचना वाजविली. त्याच वर्षी त्यांच्या आर्थिक हलाखीच्या वार्ताही वृत्तपत्रांतून आल्या. ७ मे २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चित्रपटसंगीताची चिंता करण्याचे कारण नाही. ते ध्वनिमुद्रित आहे आणि लोकांच्या कानांत आहे. चिंता आहे ती कागदावरील संगीताची. आपण शिलालेखांचे ठसे घेतो, महानुभावांच्या पोथ्यांच्या सांकेतिक लिपी उलगडतो, एकेका ग्रंथाच्या पाठभेदांसाठी वर्षे घालवितो. आणि ते योग्यच आहे. अर्वाचीन भारतीय रचनाकाराचे हस्तलिखितही याच आस्थेचे अधिकारी आहे. त्याची सूची करणे, संशोधित प्रत सिद्ध करणे, वादकांसाठी स्वतंत्र भाग उतरवून घेणे आणि निदान एकदा ते वाजवून ध्वनिमुद्रित करणे, ही कामे विद्यापीठांच्या संगीत व भाषा विभागांना सहकार्याने करता येतील. ती संगीतज्ञांनीच करावयाची आहेत असे समजण्याचे कारण नाही. पाठचिकित्सेची साधने आपल्यापाशी आहेत. लिपी शिल्लक आहे, तिचे व्याकरण ज्ञात आहे आणि तरुण वाचकही आता तयार होत आहेत. एवढी अनुकूलता असताना ही कृती मुकी राहिली, तर तो दोष लिहिणाऱ्याचा असणार नाही.